शुल्त्से म्हणजे पाटील

लाइप्झिग, १२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आबांना आणि आजीला साष्टांग नमस्कार.

आबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडच्या आडनावांना काही अर्थ असतो का गं, का नुसतीच नावं?" तेवढ्यात तुमच्याकडची लाईट गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं. त्या प्रश्नानं मला गेले आठ दिवस कामाला लावलंय. उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून हे पत्र. आजीला चष्मा सापडला नाही तर तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा.

आमच्या इमारतीच्या दाराशी घंटीच्या बटणांची पितळी पाटी आहे. इथे बटणासमोर फक्त आडनाव लिहितात. आमच्या पाटीवर एक शुल्त्से आहे, एक शुल्त्स आहे, वरच्या मजल्यावर एक शोल्त्स आहे आणि सगळ्यांत खाली, मार्चपासून, पाटील. मला आधी वाटलं, वरचे तिघे भाऊबंद असतील आणि वाटण्या होऊन एकाच वाड्यात राहत असतील. तळमजल्यावरच्या शुल्त्से आजींना तसं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नाही गं, आमचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण नाव मात्र तिघांचं एकच."

उच्चाराचं आधी सांगते. शेवटचा जो आवाज आहे तो आपल्या 'चाक'मधला च, 'चहा'मधला नव्हे. माझ्याबरोबरच्या दिल्लीच्या मुलीला तो अजून जमत नाही, मला पहिल्या दिवशी जमला. शुल्त्से आजींनी विचारलं की कुठे शिकलीस, तर मी म्हटलं, आईकडून.

आता अर्थ. मूळ शब्द शुल्टहाइस. त्यात दोन शब्द आहेत. शुल्ड म्हणजे आजच्या जर्मनमध्ये कर्ज, आणि दोष किंवा अपराधसुद्धा. जुन्या भाषेत मात्र त्याचा अर्थ देणं, म्हणजे जे ज्याला द्यायचं बांधलेलं आहे ते. दुसरा हाइसेन, म्हणजे आज्ञा करणं, फर्मावणं. ज्याचं जे देणं असेल ते द्यायला लावणारा तो शुल्टहाइस. धन्याचा सारा गोळा करायचा, गावातले लहानसहान तंटे पंचांना घेऊन मिटवायचे, वरचा हुकूम खाली सांगायचा आणि गावाचं म्हणणं वर न्यायचं. हे मी आजींच्या स्वयंपाकघरात बसून ऐकत होते आणि डोळ्यांसमोर आपली चावडी होती.

मग त्यांनी विचारलं, "आणि पाटील म्हणजे काय?" मी सांगितलं. पणजोबांपर्यंत पाटीलकी होती, इनामाची जमीन होती, वसुलीची जबाबदारी होती, पोळ्याला पहिला मान आपल्या बैलांचा असायचा. त्या कॉफी ओतता ओतता थांबल्या आणि म्हणाल्या, "मग तू शुल्त्सेच आहेस की!" आबा, सात महिन्यांत या देशात कुणी मला इतकं आपलं म्हटलं नव्हतं.

हा शब्द किती जुना असेल? उत्तर इटलीत जाऊन राज्य केलेल्या लाँगोबार्ड लोकांच्या राजानं, रोथारीनं, इ.स. ६४३ मध्ये कायदे लिहून घेतले. त्यांत हाच अधिकारी 'स्कुल्डाहिस' म्हणून आहे. ते सगळं लॅटिनमध्ये आहे, पण अधिकाऱ्याचं नाव त्यांच्या स्वतःच्या भाषेतलं. इकडे आमच्या भागात आइके फॉन रेपगो नावाच्या माणसानं १२२० ते १२३५ च्या दरम्यान सॅक्सन लोकांचे रीतिरिवाज आणि कायदे लिहून काढले, त्यांतही शुल्टहाइस न्यायाला बसलेला आहे.

तुम्हाला आवडेल तो भाग पुढे आहे. बाराव्या-तेराव्या शतकात जर्मन शेतकरी एल्बे नदी ओलांडून पूर्वेकडे वसाहती करायला निघाले. माणसं गोळा करून आणणारा, जमीन मोजून वाटून देणारा जो म्होरक्या असे, त्यालाच बहुधा नव्या गावाचा शुल्त्से करत. त्याला साऱ्यातून सूट असलेली जमीन मिळे, गावात झालेल्या दंडातला तिसरा हिस्सा मिळे, कुठे कुठे गुत्त्याचा किंवा गिरणीचा हक्कही मिळे, आणि हे सगळं बापाकडून मुलाकडे जाई. म्हणजे वतनच की हे! प्रशिया म्हणजे तेव्हाचं मोठं जर्मन राज्य, त्याच्या पूर्वेकडच्या प्रांतांत ही वंशपरंपरागत गावकी १८७२ च्या कायद्यानं संपली. आपल्याकडची मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली. बरोबर नव्वद वर्षांचं अंतर. दोन्हीकडे काम गेलं आणि आडनाव उरलं.

गावसभेला बोलावण्याची त्यांची रीतही सांगते. आपल्याकडे कोतवाल दवंडी द्यायचा. इथे काही भागांत शुल्त्सेच्या घरून एक वाकडं लाकूड निघायचं, निरोपाची चिठ्ठी त्याला लावलेली. एका घरानं ते शेजारच्या घरी पोचवायचं, त्यानं पुढच्या. लाकूड दारात आलं की सभेला जायचं.

गावागणिक एक शुल्त्से असल्यामुळे हे आडनाव एका घराण्याचं कधीच नव्हतं. हजारो गावांत ते आपापलं जन्मलं, जसे आपल्याकडे मराठा पाटील आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, आगरी आहेत. आणि प्रत्येक शुल्त्सेचा पूर्वज गावचा प्रमुखच होता असंही नाही. कुणी त्याच्या शेतावर राबत होता, कुणी ती जमीन कसायला घेतली, त्यांनाही लोक त्याच नावानं हाक मारू लागले. आज शुल्त्स हे जर्मनीतल्या पहिल्या दहा आडनावांत येतं. पहिलं म्युलर, म्हणजे गिरणीवाला, आणि दुसरं श्मिट, म्हणजे लोहार. लोहार आपल्याकडेही आडनावात आहेत, गिरणीवाले का फारसे नाहीत याचा मी विचार करत होते. मला वाटतं, आपल्याकडे घरोघरी जातं होतं. इथे बऱ्याच ठिकाणी धन्याच्या गिरणीतच दळून आणायची सक्ती असे, त्यामुळे गिरणीवाला गावातला मोठा माणूस.

मुलखाप्रमाणे शब्द झिजत गेला. आमच्या बाजूला, सॅक्सनी-आनहाल्ट आणि ब्रांडेनबुर्गकडे, शुल्त्से. उत्तरेला आणि ईशान्येला शुल्त्स. पश्चिमेला वेस्टफालियात शुल्टे, आणि तिथे तो धन्याच्या मुख्य वाडीचा कारभारी. हेसेन आणि फ्रांकेनकडे अजून पूर्ण शुल्टहाइस सापडतात. शोल्त्स हे सायलेसियातलं रूप. तो मुलूख १९४५ नंतर पोलंडकडे गेला आणि तिथल्या जर्मनांना घरदार सोडून निघावं लागलं, म्हणून शोल्त्स आता देशभर विखुरलेत. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांची आजीसुद्धा अशीच एका हातगाडीवर सामान लादून आली होती. या एवढ्याशा नावात तेवढं सगळं आहे, हे कळल्यापासून जिन्यात ते भेटले की मी जरा जास्त थांबते.

इथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षानं चॅन्सेलरपदासाठी, म्हणजे आपल्या पंतप्रधानपदासारख्या पदासाठी, २०१७ मध्ये मार्टिन शुल्त्स यांना उभं केलं आणि २०२१ मध्ये ओलाफ शोल्त्स यांना. दुसरे निवडून येऊन चॅन्सेलर झाले. म्हणजे लागोपाठ दोनदा पाटीलच! जुन्या काळी शिकलेली माणसं आडनावाचं लॅटिन करून घेत. संगीतकार मिखाएल प्रेटोरिउस (१५७१ ते १६२१) हे मूळचे शुल्त्सेंच्याच घरातले. पोलंडमध्ये तर हा शब्द अजून नोकरीत आहे, तिथे खेड्याच्या प्रमुखाला आजही सोल्तिस म्हणतात.

आबा, आता जे सांगणार आहे त्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

इथून लोकल गाडीनं अर्ध्या तासाच्या आत डेलिच नावाचं गाव येतं. शनिवारी मी तिथे गेले होते. लहान, शांत गाव, जुना तट आणि त्याभोवती खंदक. तिथे १८०८ मध्ये हेर्मान शुल्त्से नावाचा माणूस जन्मला आणि पुढे तिथेच न्यायाधीश झाला. १८४६-४७ च्या दुष्काळात त्यानं गावात समिती करून धान्य मिळवलं, दळून, भाकरी भाजून गरिबांना पुरवली. १८४८ मध्ये तो प्रशियाच्या राष्ट्रीय सभेवर निवडून बर्लिनला गेला, तर सभागृहात शुल्त्से नावाचे कितीतरी सभासद! कोण बोलला हे कळावं म्हणून प्रत्येकामागे त्याचं गाव जोडू लागले, आणि हा शुल्त्से-डेलिच झाला. पुढे जन्मभर त्यानं तेच नाव लावलं. आपल्या तालुक्यात नाही का, पाच पाटील एका बैठकीत आले की गावाच्या नावानं हाक मारतात.

त्या सभेनं राजाशी बिनसल्यावर लोकांना कर भरू नका असं सांगितलं. त्या ठरावाबद्दल शुल्त्से-डेलिचवर खटला झाला आणि १८५० मध्ये तो निर्दोष सुटला. देणं द्यायला लावणाऱ्याचं नाव धारण केलेला माणूस लोकांच्या बाजूनं असा उभा राहिला. मला हे वाचून फार बरं वाटलं.

आणि त्याचं खरं काम तर वेगळंच. १८४९ मध्ये त्यानं डेलिचच्या चांभारांना एकत्र आणलं. एकेकट्यानं चामडं घेतलं की व्यापारी वाटेल तो भाव लावायचा, म्हणून सगळ्यांनी मिळून घाऊक घ्यायचं. १८५० मध्ये कर्ज देणारी मंडळी काढली. सभासदांनी भाग घ्यायचे, थोडी थोडी शिल्लक टाकायची, त्यातूनच एकमेकांना कर्ज द्यायचं आणि एकमेकांची हमीही घ्यायची. बाहेरच्या दानावर चालायचं नाही. ओळखीचं वाटतंय ना? १८६७ चा प्रशियाचा सहकार कायदा त्याच्याच मसुद्यावरून झाला.

फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्यानं मद्रास सरकारसाठी युरोपातल्या या संस्था अभ्यासून १८९५ आणि १८९७ मध्ये अहवाल दिले, आणि १९०४ मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्यात दोन वाटा होत्या. शहरातल्या संस्था शुल्त्से-डेलिचच्या धर्तीवर, गावातल्या रायफायझेनच्या धर्तीवर. हा रायफायझेन शेतकऱ्यांसाठी राबला, आणि स्वतः काही खेड्यांचा कारभार पाहणारा प्रमुख होता, म्हणजे नावानं नसला तरी कामानं शुल्त्सेच. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्येच अन्योन्य सहकारी मंडळी काढली होती, हे मात्र मी इथे सगळ्यांना आवर्जून सांगते.

तर तुम्ही एकतीस वर्षं ज्या विकास सोसायटीच्या खतावण्या सांभाळल्यात ती रायफायझेनची नात, आणि तालुक्याला चुलतआजोबांची जी नागरी पतसंस्था आहे ती शुल्त्सेंची. डेलिचमध्ये सहकाराचं संग्रहालय आहे, आणि गावात त्यांचा पुतळाही आहे. पुतळ्यासमोरच्या बाकावर मी बराच वेळ बसले. मार्चअखेर आली की तुम्ही रात्री कंदील लावून वसुलीची यादी जुळवायचात आणि मी शेजारी पेन्सिलीला टोक करत बसायची, ते आठवत होतं. ज्याचं थकलंय त्याचं नाव तुम्ही कधी मोठ्यानं वाचत नसायचात. एवढी वसुली करून गावात एकाही घराशी तुमचा अबोला नाही. शुल्डचा जुना अर्थ मला त्या बाकावर नीट कळला, तो तुमच्यामुळे.

शुल्त्से आजींकडे त्यांच्या घराण्याचे कागद आहेत, माग्डेबुर्गजवळच्या एका खेड्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती. एकाच घराचं नाव एका पिढीत एक, दुसऱ्या पिढीत दुसरं. कुठे मध्ये जादा ट, एका ठिकाणी तर पूर्ण शुल्टहाइस. पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. प्रशियात १८७४ पासून आणि सगळ्या साम्राज्यात १८७६ पासून सरकारी जन्ममृत्यूच्या नोंदी सुरू झाल्या, तेव्हापासून ज्याचं जे लिहिलं गेलं तेच कायम झालं. त्या नोंदी जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात आहेत, इथली तरुण मुलं ते वाचू शकत नाहीत. आजी बोट फिरवत वाचतात, मध्येच एका अक्षरावर अडतात, कागद खिडकीपाशी नेतात. अगदी तुम्ही मोडी वाचता तसं.

त्यांना मी तुमच्या मोडीबद्दल सांगितलंय. देवघरामागच्या ट्रंकेत पाटीलकीच्या वतनाचा जो कागद आहे, त्याचा फोटो दादाला काढून पाठवायला सांगाल का? दुपारच्या उजेडात, कागद सरळ धरून. घडीवर फाटलाय, तेव्हा तुम्हीच उलगडा, दादाला हात लावू देऊ नका. आजींनी त्यांच्या सगळ्यांत जुन्या नोंदीची प्रत तुमच्यासाठी दिली आहे, ती या पाकिटात घातली आहे. वरून तिसरी ओळ बघा, पहिलाच शब्द.

आजी, इथे आता थंडी पडायला लागलीय. तू दिलेली घोंगडी काढली. मेतकूट अजून पुरतंय. आबांच्या गुडघ्याला तेल लावत जा, आणि आबा, तुम्ही लावू द्या.

तुमची नात