निर्माल्याची पिशवी आणि इंदूरचं शास्त्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या स्वच्छतेमागच्या तंत्रज्ञानावरची आपल्या दैनिकातली लेखमाला मी पहिल्यापासून वाचते आहे. देवगुराडियाचा, ओल्या कचऱ्यापासून वाहनांसाठी गॅस करणारा बायो-सीएनजी प्रकल्प, त्याची रोज ५५० टन ओला कचरा जिरवण्याची क्षमता, कचरागाड्यांवरचं जीपीएस, सगळं सविस्तर आलं. अभिमान वाटला. पण त्या प्रकल्पात जाणारा कचरा आधी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात निवडला जातो, आणि त्या स्वयंपाकघरात काय घडलं हे लेखांत कुठेच नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या घरचं सांगते. ओल्या-सुक्याचे डबे वेगळे ठेवायचं ठरलं तेव्हा सासूबाई अडून बसल्या. आळस हे कारण नव्हतं. आयुष्यभर त्यांनी घर लख्ख ठेवलं आहे. त्यांच्या हिशेबी खरकटं, उष्टं, भाजीची देठं आणि देवाचं निर्माल्य या चार निरनिराळ्या गोष्टी. महापालिकेच्या पत्रकात मात्र चारही ‘ओला कचरा’. देवावरची फुलं खरकट्यात टाकायची, हे त्यांना सोसेना. रोज भोंग्यावरून सांगितलं असतं तरी त्या बधल्या नसत्या. वाट काढली ती कचरागाडीवरच्या ताईंनी. त्यांनी गाडीच्या मागच्या कडीला एक कापडी पिशवी अडकवली आणि म्हणाल्या, “माँजी, फूल इसमें दे दो.” दुसऱ्या दिवसापासून सासूबाई गाडीच्या आधी फाटकाशी हजर. ती पिशवी कुठल्याही नकाशात किंवा आकडेवारीत नाही. पण आमच्या गल्लीत वर्गीकरण रुजलं ते तिच्यामुळे, असं मी ठामपणे म्हणेन.

मानवशास्त्र तंत्रज्ञानाकडे बघतं ते असं. यंत्र काय करतं एवढ्यावर ते थांबत नाही. ते कुणाच्या हातात पडतं, त्या हातांना आधीपासून काय ठाऊक आहे, हेही विचारतं. आणि फक्त सामान्य माणसालाच विचारतं असंही नाही. ब्रुनो लातूर हा फ्रेंच अभ्यासक १९७५ पासून जवळजवळ दोन वर्षं कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेच्या प्रयोगशाळेत बसला. एखाद्या अनोळखी गावाचे रीतिरिवाज टिपावेत तसे त्यानं शास्त्रज्ञांचे रोजचे व्यवहार टिपले. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी केली, तीही याच दृष्टीनं.

इंदूरला तर हा वारसा शंभर वर्षांचा आहे. प्लेगचे दिवस आठवा. पुण्यात १८९७ मध्ये सोजीर घरांत, देवघरांत घुसले आणि पुढे काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. वीसेक वर्षांनी, होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून पॅट्रिक गेडिस इंदुरात आले. जीवशास्त्राचे अभ्यासक, पुढे मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तोवर शास्त्रानं सांगितलेलं होतं. आता घरं साफ कशी करवून घ्यायची, हा प्रश्न होता. गेडिसनी शिपाई पाठवले नाहीत. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की ती ठरलेल्या रस्त्यानं जाणार नाही. जी आळी सर्वांत स्वच्छ, तिच्यातून जाईल. लोकांनी आपण होऊन घरंदारं उपसली. मिरवणुकीत सफाई कामगार फुलांनी सजून मानानं चालले, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, शेवटी रोगराईच्या राक्षसाचं दहन झालं आणि घरोघरी तुळशीची रोपं वाटली गेली. दिवाळीची झाडलोट आणि तुळस लोकांची आधीचीच होती. गेडिसनी शास्त्र त्या ओळखीच्या वाटेनं घरात नेलं. इंदूरच्या नगररचनेवरचा दोन खंडांचा त्यांचा अहवाल १९१८चा आहे. आपल्या लेखमालेत त्याचा साधा उल्लेखही नाही, याचं मला वाईट वाटलं.

तसंच अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांचं. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली ती त्यांच्यामुळे. १९२४ ते १९३१ ते इथल्या वनस्पती-संशोधन संस्थेत होते. भारतातले शेतकरी हेच आपले गुरू, असं ते मानत. पाला, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख थरांवर थर रचायची, तीनदा उलथायची, तीनेक महिन्यांत खत तयार. १९३१ साली या पद्धतीवर पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीनं यशवंत वाड यांचं नाव आहे. हे नाव आपल्या इंदूरच्या मराठी मुलांच्या कानावर एकदा तरी पडायला हवं.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मोठी वर्गणी काढून आम्ही खत करणारं यंत्र घेतलं. झाकण इतकं उंच की झाडणाऱ्या मावशींना बादली घेऊन स्टुलावर चढावं लागे. नारळाच्या शेंड्या अडकल्या की दाते थांबत, आणि आपल्या घरांत नारळ किती फुटतात हे विकणाऱ्यानंही विचारलं नाही, घेणाऱ्यांनीही नाही. मावशींना तर कुणीच काही विचारलं नाही. यंत्र आता ताडपत्रीखाली आहे. आमचे माळीकाका निमाडचे. त्यांनी कडुनिंबाखाली खड्डा खणला आणि वडिलांकडून शिकल्याप्रमाणे पाला, देठं, शेण, राख थरांनी भरली. हॉवर्ड हे नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही.

माझी विनंती एवढीच की लेखमालेचे पुढचे भाग यंत्रांच्या माहितीपत्रकांवरून लिहू नका. गाडीवरच्या ताई, सुका कचरा निवडणाऱ्या बायका, माळी, मावशी यांच्यासोबत आपला वार्ताहर आठवडाभर फिरू द्या. प्लास्टिक हाताला लागताच ते कुठल्या ढिगात जाणार हे या बायका ओळखतात. ती ओळख कशी होते ते त्यांच्याच शब्दांत छापा. महाविद्यालयातल्या समाजशास्त्राच्या मुलामुलींनाही बरोबर न्या. बाहेरगावची मंडळी इंदूर बघायला येतात, त्यांना प्रकल्पाबरोबर यांच्यापैकी कुणाशी तरी तासभर बोलायला मिळावं, असं आपण सुचवावं.

आमचा खड्डा येत्या रविवारी सकाळी तिसऱ्यांदा उलथायचा आहे. माळीकाका सातला सुरुवात करतात. आपला माणूस जरूर पाठवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर