टर्कीची कोरी अंडी आणि दुर्लक्षित नर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टर्कीपालनावरील लेखांत वजन, खाद्य आणि बाजारभाव यांची माहिती भरपूर येते. नराच्या वीर्याबद्दल मात्र क्वचितच काही असते. त्यामुळे अंडी कोरी, म्हणजे गर्भ न दिसणारी, निघाली की पालक आधी उबवणी यंत्राला आणि मग मादीला दोष देतात. दोष अनेकदा नरात किंवा वीर्य हाताळण्यात असतो.

हा दोष उशिरा लक्षात येण्याचे मुख्य कारण मादीच्या शरीरात आहे. योनीमार्ग आणि गर्भाशय जिथे मिळतात तिथे सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत शुक्राणू साठून राहतात. कोंबडीत ते दोन-तीन आठवडे टिकतात, टर्कीत सहा-आठ आठवड्यांपर्यंतही. साहजिकच आज नर बिघडला तरी आधीच्या साठ्यावर अंडी काही काळ फलित होत राहतात, आणि घसरण दिसते तेव्हा कारण मागे पडलेले असते. म्हणून वीर्य दर खेपेला पाहिलेच पाहिजे.

रुंद छातीच्या टर्कीचा नर इतका जड असतो की त्याला नैसर्गिक मिलन जमत नाही. तिथे कृत्रिम रेतनाला, म्हणजे नराचे वीर्य काढून ते हाताने मादीत सोडण्याला, पर्याय नाही. यासाठी 32 ते 36 आठवडे वयाचा नर घ्यावा आणि निदान 15 दिवस आधी माद्यांपासून वेगळा ठेवावा. वीर्य काढण्यापूर्वी काही तास खाद्य बंद ठेवावे, नाहीतर विष्ठा मिसळते. पाठीवरून शेपटीकडे आणि खाली पोटावर हात फिरवून चोळावे. गुदद्वार बाहेर उमलले की दोन्ही बाजूंनी हलका दाब द्यावा. जोर लावून पिळले तर पारदर्शक पातळ द्रव उतरतो आणि वीर्य बिघडते. हाताळणारा माणूस शक्यतो बदलू नये, कारण अनोळखी हाताने नर बुजतो आणि वीर्य कमी देतो.

चांगले वीर्य साईसारखे दाट आणि पांढरे असते. ते जेमतेम 0.15 ते 0.30 मिली मिळते, पण एका मिलीत सुमारे 600 ते 1000 कोटी शुक्राणू असतात. पाणचट किंवा विष्ठा-युरेट (पक्ष्यांच्या मूत्रातला पांढरा भाग) मिसळलेले वीर्य टाकून द्यावे. पिवळसर वीर्य हा टर्कीतला ओळखीचा दोष आहे. त्यात प्रथिने आणि कोलेस्टेरॉल वाढलेले असते, फलन घटते. असा नर गटातून काढावा. त्याचे वीर्य इतरांच्या वीर्यात मिसळले की दोष झाकला जातो, जात नाही.

टर्कीच्या शुक्राणूंना ऑक्सिजन लागतो. गच्च भरून बूच लावलेल्या नळीत ते लवकर निकामी होतात. विरलक (वीर्य पातळ करून टिकवणारे द्रावण) न घालता वापरायचे असेल तर तासाभरात संपवावे. साधे पाणी घालून वाढवणे तर घातकच, पाणी शिरून शुक्राणू फुगतात आणि मरतात.

मादीला 0.025 मिली पुरते. रेतन संध्याकाळी पाचनंतर करावे; त्याआधी गर्भाशयात कठीण कवचाचे अंडे असण्याची शक्यता जास्त. पोटावर डाव्या बाजूला दाब देऊन योनीमुख बाहेर आणावे, नळी हळूच आत सरकवावी आणि आधी पोटावरचा दाब सोडून मगच वीर्य सोडावे. हा क्रम चुकला की सगळे वीर्य बाहेर येते.

कोरी अंडी फेकण्याआधी फोडून पाहावीत. रक्ताचे कडे किंवा मेलेला गर्भ दिसला तर उबवणी, अंड्यांची साठवण, आहार यांकडे वळावे. एक सावधगिरी: टर्कीत फलन न होताही अंड्यात थोडी वाढ होऊ शकते. बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट जातीत हे 1950 च्या दशकात नोंदले गेले. किंचित वाढ दिसली एवढ्यावरून नराला निर्दोष ठरवू नये.

बदकांचे गणित वेगळे. शुक्राणू मादीत जेमतेम आठवडा-दीड आठवडा टिकतात, त्यामुळे नर बिघडल्याचे लगेच कळते. मस्कोव्ही या वेगळ्या प्रजातीचा नर आणि साध्या बदकांची मादी यांच्या संकरासाठी तैवानमध्ये कृत्रिम रेतन रूढ आहे. घरगुती पालनात पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. नराचे मळसूत्री लिंग मिलनानंतर बाहेरच राहून सुजलेले दिसले तर पशुवैद्यकाला लगेच दाखवावे.

प्रजननासाठी नर विकत घेताना वजनकाट्याबरोबर वीर्यही काढून दाखवायला सांगावे. आपल्या कृषी पानावर हे सविस्तर छापावे, ही विनंती.

आपला,
एक पशुवैद्यक