कल्हईत कथील किती?

महोदय,

पितळी भांड्यांची हौस सध्या पुन्हा आली आहे. माळ्यावरची पातेली, तपेली खाली उतरताहेत आणि पाठोपाठ कल्हईवालेही गल्लीत दिसू लागलेत. आनंदच आहे. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट शिजवले की ते कळकते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. पण कल्हई कशाची करतात, हे कुणी विचारत नाही.

दिवाळीआधी मी आजेसासूबाईंचे पातेले कल्हईला दिले. भाता फिरला, नवसागराचा पांढरा धूर उठला, कापसाच्या बोळ्याचा एक हात फिरताच आतून लख्ख. सहज विचारले, "कथील शुद्ध आहे ना?" तो म्हणाला, "ताई, शुद्ध कुणाला परवडतं? थोडं मिक्स असतं." मिक्स म्हणजे शिसे! त्यात त्याला लपवण्यासारखे काही वाटलेही नाही. कथील शिशाच्या दसपटीहून महाग. शिवाय कथील २३२ अंशांना वितळते, शिसे घातले की १८३ अंशांपासूनच वितळू लागते. म्हणजे कोळसाही वाचतो.

माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांची डाख द्यायची तार याच मिश्रणाची. आम्ही तिला हात लावला की ओरडा बसे. आणि आता त्यातच चिंचेचे सार उकळायचे? आंबटात शिसे उतरते. मुलांच्या पोटात ते मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते, मेंदूच्या वाढीवर घाला घालते, आणि त्याची सुरक्षित अशी मात्राच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पेट्रोलमधले शिसे आपण २००० साली काढले, घरगुती रंगांवर २०१७ पासून मर्यादा घातली. कल्हईकडे मात्र कुणाचे लक्ष नाही.

जाड कांडे कानाशी धरून वाकवले तर शुद्ध कथील करकरते. शिसे मुकाट वाकते आणि कागदावर करडी रेघ ओढते. थोडी भेसळ मात्र अशी कळत नाही. त्यासाठी हातात धरायचे क्ष-किरण यंत्र असते, काही सेकंदांत सांगते. अन्न व औषध प्रशासनाने आठवडी बाजारात एक दिवस ते घेऊन बसावे. कल्हईवाल्यांच्या मागे मात्र लागू नये. त्यांना तपासलेले कथील रास्त दरात मिळेल एवढे पाहावे. चार पैसे जास्त द्यायला आम्ही तयार आहोत.

आमचे पातेले तूर्त पुन्हा माळ्यावर गेले आहे.

– एक वाचक, पुणे