उभ्या गाडीचा बोनस

ती. आई व बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा बोलता बोलता म्हणाले, "आठ महिने गाडी गल्लीतून हललेली नाही, आता विमा कशाला भरायचा?" मी नुसतं "हं" म्हटलं. मला मीटिंगला उशीर होत होता आणि मागून आई काहीतरी ओरडून सांगत होती. रात्री मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं. फोनवर समजावायला गेलं की बाबा "बरं बरं" म्हणून क्रिकेटवर येतात, म्हणून हे पत्र.

बाबा, पॉलिसी १८ तारखेला संपतेय. तिच्यावर ‘नो क्लेम बोनस ५० टक्के’ असं छापलेलं आहे, ते एकदा चष्मा लावून बघा. हा बोनस म्हणजे हप्त्यातली सूट. एकही क्लेम न करता पहिलं वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. त्यापुढे कितीही जपून चालवा, आकडा वाढत नाही. पण एक क्लेम केला की सरळ शून्य. माझी सुट्टी आठवतेय ना, रिव्हर्स घेताना मी गेटच्या खांबाला मागचा बंपर चेपला होता ती? मी रडवेली होऊन "क्लेम करा, क्लेम करा" म्हणत होते आणि तुम्ही शांतपणे हिशेबाच्या वहीचं मागचं पान उघडून बसलात. शेवटी डेंटिंग-पेंटिंगचे पैसे खिशातून दिलेत, माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत. गाडी कुणीही चालवत असो, क्लेम पॉलिसीवरच लागतो आणि बोनस तुमचा जातो, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या चुकीपासून तुम्ही वाचवलेला तो बोनस आता तारीख उलटून जाऊ देऊन घालवायचा, हे मला पटत नाही.

आता मागच्या पानावरचा हिशेब मी मांडते. ही सूट सगळ्या हप्त्यावर नसते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या भागाचा, दर सरकार ठरवतं. आपल्यासारख्या १००० ते १५०० सीसीच्या गाडीला जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे तो वर्षाला ३,४१६ रुपये आहे आणि त्यात बोनसचा काही संबंध नाही. सूट फक्त ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागावर. समजा तो भाग ६,००० आहे. आज तुम्ही त्याचे ३,००० भरता. बोनस गेला तर पहिल्या वर्षी पूर्ण ६,०००, मग ४,८००, ४,५००, ३,९००, ३,३०० आणि सहाव्या वर्षी पुन्हा ३,०००. पाच वर्षांत साडेसात हजार जादा. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, दरवर्षी उतरते, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी येईल, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण उद्या नवी गाडी घेतलीत तर तिचा ओन डॅमेजचा हप्ता मोठा असेल आणि तिथे निम्मी सूट चांगलीच जाणवेल.

विमाच न भरणं तर होणारच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी सक्तीची आहे. विम्याशिवाय गाडी सापडली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी दंड ४,०००. "गाडी उभीच तर आहे" हे तुमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. पण ती आपल्या अंगणात नाही, गल्लीत उभी आहे. महामार्गाच्या कडेला पडलेल्या एका पेट्रोल टँकरच्या स्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये थांबलेल्या वाहनाचाही ‘वापर’ होतो असं धरलं होतं. आपली गाडी टँकर नाही हे मान्य, पण तिच्याभोवती दिवसभर गल्लीतली पोरं लपाछपी खेळतात.

एजंटकाकांनी सुचवलं म्हणे, "चालवत नाही तर नुसती थर्ड पार्टी घ्या, स्वस्तात पडेल." खरी मेख इथे आहे आणि ती त्यांनी सांगितलेली दिसत नाही. बोनस ओन डॅमेजच्या गळ्यात बांधलेला असतो. ते कव्हर संपून ९० दिवस उलटले की साधारणपणे बोनस गेला, मग थर्ड पार्टी तुम्ही इमानेइतबारे भरत असलात तरी. आणि त्या ९० दिवसांना सवलत समजू नका. बोनस तेवढे दिवस तग धरतो, पण त्या काळात काच फुटली किंवा गाडी चोरीला गेली तर भरपाईचं नाव काढायला नको. पुन्हा सुरू करताना कंपनी गाडीचं इन्स्पेक्शन मागेल ते वेगळंच.

मोटार टॅरिफच्या, म्हणजे गाडीच्या विम्याच्या, जुन्या नियमात एक फट आहे. गाडी विकून लगेच दुसरी घेतली नाही, किंवा गाडी वापरातून काढून ठेवली, तर तीन वर्षांच्या आत नवी पॉलिसी घेताना जुना बोनस देता येतो. त्यातला दुसरा भाग बाबांना फार आवडेल याची मला खात्री आहे. पण आपली कंपनी तो मानते का, हे तिच्याकडून लेखी आल्याशिवाय त्याच्या भरवशावर एक दिवसही राहायचं नाही. एजंटकाकांचा तोंडी होकार चालणार नाही.

गाडी विकायची ठरली तर मात्र वाट सरळ आहे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. घेणाऱ्याला तो मिळत नाही. आरसी त्याच्या नावावर झाली की तो कागद दाखवून कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागायचं. ते तीन वर्षं चालतं. तेवढ्यात बाबांनी दुसरी कार घेतली तर ५० टक्के तिला लागतील. स्कूटर घेतलीत तर नाही, कारला कारच लागते. (स्कूटरचा विषय मी मुद्दाम काढलेला नाही, आईने फोनवर सगळं सांगितलंय.)

आणि आई, तुझी युक्ती. "गाडी माझ्या नावावर करून टाका, मी शिकते चालवायला." शीक, मी क्लासची फी भरते! पण नावावर करू नकोस. बाबा धडधाकट असताना गाडी तुझ्या नावावर झाली तर त्यांचा बोनस तुझ्याकडे येत नाही, तुझी सुरुवात शून्यापासून. नवरा-बायकोत तो फक्त मालकाच्या पश्चात जातो, आणि तो मुद्दा मी इथेच सोडते. गाडी बाबांच्याच नावावर राहू दे, तू चालव. तुझं लायसन्स असलं की झालं.

लायसन्सवरून आठवलं. बाबा, तुमचं मार्चमध्येच संपलंय ना? संपल्यापासून वर्षाच्या आत नूतनीकरण केलं तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि फी एवढ्यावर भागतं. वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. गुडघा बदललेल्या माणसाला आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढायला लावायची माझी इच्छा नाही. पुन्हा गाडी चालवायची की नाही हे तुम्ही आणि डॉक्टर ठरवा, मी त्यात पडणार नाही. पण लायसन्स संपलेलं असताना अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेली आणि काही झालं, तर कंपनी क्लेम नाकारायला मोकळी.

माझं म्हणाल तर या वर्षी पूर्ण पॉलिसी, जशी होती तशी, १८ तारखेच्या आत. पैसे मी भरते असं म्हणणार होते, पण बंपरच्या वेळचा तुमचा चेहरा आठवला, म्हणून म्हणत नाही. पुढच्या वर्षीपर्यंत विकायचं ठरलं तर पत्र घेऊन ठेवू. अर्जात बोनसच्या रकान्यात जे खरं आहे तेच लिहा. कंपनी आधीच्या कंपनीकडे विचारणा करू शकते, आणि खोटं निघालं तर ऐन गरजेला क्लेम अडतो.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते. जुनी पॉलिसी आणि आरसी काढून ठेवा. आई, चावी देवघराच्या खणातच आहे ना? बॅटरी नक्की उतरली असेल, जम्पर केबल मी आणते. बोनेटवर मांजराने संसार थाटलाय म्हणालीस, पिल्लं असतील तर मी येईपर्यंत हलवू नकोस.

तुमची,
ठमी