झटके आलेल्या बाळंतिणीला आधी इंजेक्शन, मग अँब्युलन्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे-नवी मुंबईत रुग्णालयांच्या दर्जाचा विषय निघाला की बोलणे खाटा, आयसीयू आणि नव्या इमारतीपाशी अडते. एक्लॅम्पशिया झालेल्या, म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर बीपी वाढून झटके येणाऱ्या बाईचे बरेचसे भवितव्य मात्र ती पहिल्यांदा पोहोचते त्या छोट्या नर्सिंग होममध्ये किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातच ठरते. तिथे झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा, म्हणजे मॅगसल्फचा, पहिला डोस मिळाला की नाही, हा खरा प्रश्न.

हे औषध स्वस्त आणि जुने आहे. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ते डायझेपाम आणि फेनिटॉइन या झटक्यांवरच्या दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरले. डायझेपामच्या तुलनेत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांनी कमी आढळले. तरीही झटका दिसला की हात आधी मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाकडे जातो आणि मागोमाग ‘वर पाठवा’, म्हणजे मोठ्या रुग्णालयात न्या, सुरू होते. शहापूर-मुरबाडहून निघालेली अँब्युलन्स असो की घोडबंदर रोडवर अडकलेली, दुसरा झटका वाहतूक सुटेपर्यंत थांबत नाही.

पहिला डोस चुकतो तो बहुतेक वेळा गणितात. आपल्याकडे नेहमी मिळणारे अँप्युल २ मिलीचे, ५० टक्क्यांचे. त्यात १ ग्रॅम औषध. सुरुवातीचा पूर्ण (लोडिंग) डोस १४ ग्रॅमचा, म्हणजे १४ अँप्युल. त्यातले ४ ग्रॅम शिरेतून द्यायचे, पण थेट नाही: ८ मिली औषधात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळून २० मिली करायचे आणि निदान पाच मिनिटे घेऊन सावकाश सोडायचे. उरलेले १० ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोलवर, प्रत्येकी ५ ग्रॅम. एका बाजूला १० मिली म्हटल्यावर नवी सिस्टर कचरते आणि अर्ध्यावर थांबते. त्यात १ मिली लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध घातले तर दुखणे कमी होते. शिरेतून देण्याची सोय नसेल तर हे १० ग्रॅम स्नायूत देऊन मगच गाडीत घालावे. आरोग्य सेविकेलाही ते देण्याची मुभा आहे.

पुढचा घोळ रेफर चिठ्ठीवर. ‘इंज. मॅगसल्फ दिले’ एवढेच लिहिलेले असते. किती, कुठे, किती वाजता, काही नाही. कळव्याच्या किंवा वाशीच्या मोठ्या रुग्णालयात बाई उतरवून घेणाऱ्या डॉक्टरने मग काय समजायचे? पुन्हा पूर्ण डोस दिला तर श्वास मंदावण्याची भीती, न दिला तर झटक्याची. ग्रॅम, मार्ग आणि वेळ लिहायला अर्धी ओळ पुरते.

नंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम, एकाआड एक कुल्ल्यात. प्रसूती किंवा शेवटचा झटका यांतले जे नंतर घडले तिथून २४ तास. प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली तर नाही ना, आणि लघवी तासाला ३० मिली तरी होते का. औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते. लघवी आटली की ते अंगात साचते. आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते, मग श्वास. म्हणून हातोडी हवी, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिलीचे अँप्युल त्याच डब्यात हवे, स्टोअरच्या कुलपात नव्हे.

सलाइन धो-धो सोडू नये, फुफ्फुसांत पाणी भरते. बीपी १६०/११० वर गेले तर लॅबेटॅलॉल शिरेतून किंवा निफेडिपिन तोंडाने. कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळायची जुनी खोड आता सोडावी. रक्तस्राव थांबवायला अशा बाईला मेथर्जिन देऊ नये, ऑक्सिटोसिन द्यावे.

सगळ्यात दुर्लक्षित काळ डिस्चार्जनंतरचा. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत चढते, आणि नेमकी तेव्हा बाळंतीण घरी किंवा माहेरच्या वाटेवर असते. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटाच्या वरच्या भागात कळ येते. घरचे म्हणतात पित्त झाले, आणि दवाखान्यातही पित्ताचीच गोळी मिळते. झटका आला तर कॅज्युअल्टीत फिट म्हणून मेंदूच्या डॉक्टरांना बोलावणे जाते. गेल्या सहा आठवड्यांत बाळंतपण झाले आहे का, हा प्रश्न झटका आलेल्या प्रत्येक तरुण बाईच्या बाबतीत केसपेपरवर छापलेलाच असावा. गरोदरपणातल्या बीपीच्या नोंदींचे कार्डही सासरी न ठेवता तिच्यासोबतच जायला हवे.

शुश्रूषागृहांची नोंदणी आणि नूतनीकरण ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हाती आहे. तपासणीला आलेले अधिकारी अग्निशमनाचा दाखला पाहतात, तो पाहावाच. सोबत रात्रपाळीच्या सिस्टरला मॅगसल्फचा डबा उघडायला सांगावे, अँप्युल मोजावेत, मुदत वाचावी आणि ४ ग्रॅमचे द्रावण समोर भरून दाखवायला लावावे. डबा सापडायलाच दहा मिनिटे लागली तर शेरा तसाच लिहावा, आणि नूतनीकरण त्रुटी दूर होईपर्यंत रोखावे.

आपल्या,
प्रसूतिकक्षात काम केलेल्या काही अधिपरिचारिका, ठाणे