नाशिकची मावशी आता इथेच राहणार

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "मावशी पुण्याला राहायला येतेय हे बरं झालं, तुला सोबत होईल." सोबत होईलच. पण तुला वाटतेय तशी नव्हे. फोनवर सांगायला घेतलं असतं तर "हो हो, आई" म्हणत तू पुढच्या मीटिंगला पळाला असतास, म्हणून लिहितेय.

तुझ्या नाशिकच्या मावशीचं आणि माझं एकमेकींवर प्रेम होतं. आहे.

आम्ही भेटलो कॉलेजात, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमीत. त्याबद्दल तुला काय सांगायचं, तूही 'अरे आवाज कुणाचा' ओरडून भरत नाट्यमधून घसा बसवून घरी यायचास. तासाभराच्या एकांकिकेसाठी अख्खा पावसाळा वर्गातली बाकं भिंतीला सारायची आणि ओल्या रेनकोटांच्या वासात संवाद घोकायचे. ती माझी सासू झाली होती. तालमीत मला मन लावून छळायची, आणि तालीम सुटली की सायकल हातात धरून माझ्याबरोबर कर्वे रस्त्यापर्यंत चालत यायची. तिचं घर शनिवार पेठेत, म्हणजे अगदी उलट्या दिशेला. इतकं चालून आम्ही बोलायचो काय, तर दुसऱ्या अंकात तिने कुठून एंट्री घ्यावी. एकांकिकेला दुसरा अंक नसतो हे दोघींनाही ठाऊक होतं.

१९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं. ते आम्ही मुंबईला जाऊन पाहिलं. रोहिणी हट्टंगडींची सुमित्रा. मुलीवर प्रेम करणारी मुलगी आमच्या रंगभूमीवर अशी उघड उभी राहिलेली आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, आणि नाटक संपताना ती जीव देते. रात्रीच्या गाडीने परतताना आम्ही एकमेकींशी चकार शब्द बोललो नाही. तेंडुलकरांना दोष देत नाही मी, त्यांना समाज दिसला तसा त्यांनी लिहिला. पण आम्ही विशीतल्या होतो. धीर घ्यायला गेलो आणि धसका घेऊन आलो.

पुढे आम्हाला कुणी तोडलं वगैरे नाही. रडारड नाही, पकडली गेलेली चिठ्ठी नाही. तिला बँकेत नोकरी लागली, नाशिकला गेली. मला स्थळं येत होती, त्यातल्या एकाला मी होकार दिला. तुझे बाबा मला आवडायचे. तो संसार मी वठवला नाही, केला. हे वाचताना बाबांसाठी तुला वाईट वाटणार, वाटू दे. पण ते फसवले गेले असं मात्र मनात आणू नकोस.

बाबा गेले तेव्हा ती तेराव्याला आली आणि पेन्शनचे फॉर्म भरायला चार दिवस थांबली. बँकेतली बाई ती, सांत्वन करता येत नाही, पण कागद एकही चुकत नाही. मग मी नाशिकला जायला लागले. नारायणगावला बस थांबली की तिला फोन करायचा, सिन्नरला पुन्हा, म्हणजे ती कांदा चिरायला घेणार. (नाशिकची मिसळ पुण्याच्या मिसळीहून चांगली असते. हे तुझ्या काकांना कळवू नकोस.)

विशीतली ती मला परत मिळाली असं समजू नकोस. ती पोरगी गेली, मीही गेले. ही बाई गुडघा धरून जिना चढते, रात्री घोरते, वर्तमानपत्र आधी स्वतः वाचल्याशिवाय हात लावू देत नाही. आम्ही भांडतो. मागच्या महिन्यात दोन दिवस अबोला होता, कारण तिच्या मते माझा एक संवाद तिच्या हशावर पडायचा. चाळीस वर्षांपूर्वीचा!

आता कागदांचं. २०१८ च्या सप्टेंबरात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आला तेव्हा आम्ही गुन्हेगार राहिलो नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात कोर्टाने लग्नाचा हक्क मात्र नाकारला, म्हणजे कायद्याने ती माझी कुणीच नाही. २०२४ मध्ये अर्थखात्याने खुलासा केला की आमच्यासारख्यांना संयुक्त खातं काढता येतं, जोडीदाराला नॉमिनीही करता येतं. आम्ही ते केलं. काउंटरवरच्या मुलाने नातं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता 'बहीण' लिहायला घेतलं. तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

फ्लॅट तुझाच आहे. मृत्युपत्रात एवढीच अट आहे की ती असेपर्यंत तिला तिथून कुणी उठवायचं नाही. मी शुद्धीवर नसेन तेव्हा उपचारांचं कुणी ठरवायचं, तोही कागद नोटरीकडे करून घेतलाय. त्यात नावं दोन आहेत, तुझं आणि तिचं. हॉस्पिटलच्या बाकावर तुम्हा दोघांना शेजारी बसून ठरवावं लागेल, तेव्हा आत्तापासून बोलायची सवय करा. ती तुझ्याशी बोलायला घाबरते आहे. तुझ्या मुंजीत तुला कडेवर घेऊन नाचलेली बाई!

सूनबाईला तू सांग. नातीला मी सांगेन, तिला माझ्याइतका वेळ लागणार नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही टाकू नकोस, आत्याला मी स्वतः जाऊन भेटणार आहे.

राग आला असेल तर फोन कर. आला नसेल तरी कर. आणि दिवाळीला याल तेव्हा तुझ्या खोलीतली इंजिनीअरिंगची पुस्तकं घेऊन जा किंवा रद्दीत तरी घाल. दोन म्हाताऱ्यांच्या एका नाटकाचं वाचन करायचं चाललंय आमचं, तालमीला ती खोली हवी आहे.

तुझी,
आई