आभा क्रमांक मिळाला, औषधाचे नाव मात्र पिशवीतच

महोदय,

देशातील पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात वाटले गेले होते. त्यामुळे क्रमांक हाती पडणे आणि काम होणे यांत किती अंतर असते, हे या जिल्ह्याला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. सध्या आरोग्य केंद्रांत, शिबिरांत आणि ग्रामसभांत 14 अंकी आभा क्रमांक (रुग्णाच्या निरनिराळ्या दवाखान्यांतील नोंदी जोडणारा आरोग्य खाते क्रमांक) काढण्याची जी लगबग चालू आहे, ती पाहून हे पत्र लिहीत आहे.

हा क्रमांक देणारी आयुष्मान भारत डिजिटल मिशन ही योजना 15 ऑगस्ट 2020 रोजी जाहीर झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत तिची चाचणी झाली आणि 27 सप्टेंबर 2021 पासून ती देशभर लागू झाली. तिला माझा विरोध नाही. औषधनिर्माण अधिकारी म्हणून नोकरीची बहुतेक वर्षे मी सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीमागे काढली. खिडकीतून आत येणाऱ्या हातात कापड दुकानाची पिशवी असायची. तिच्यात घड्यांवर फाटलेला केसपेपर, अक्षरे उडून पांढरी पडलेली ईसीजीची पट्टी आणि गोळ्यांचे एखादे रिकामे पाकीट असे, ज्यावरचे औषधाचे नाव नेमके कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेले असे. ‘हीच गोळी द्या, हिनेच गुण आला होता,’ असे म्हणणाऱ्या बाईला कोणती गोळी द्यायची, या विचाराने मी कित्येकदा अडून बसलो आहे. तिची आधीची चिठ्ठी डॉक्टरांना पडद्यावर दिसली, तर त्याहून चांगले काय?

पण ती दिसण्यासाठी आधी कोणीतरी ती संगणकात भरली पाहिजे. आभा क्रमांकात रुग्णाची माहिती साठवलेली नसते. नोंद ज्या दवाखान्यात तयार झाली तिथेच राहते आणि रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येते, अशी या व्यवस्थेची रचना आहे. डॉक्टरांनी तपासणी कागदावर लिहिली आणि तो कागद रुग्णाच्या पिशवीत गेला, तर पडद्यावर नावाखेरीज काहीच उमटत नाही. गावात मात्र समजूत वेगळीच आहे. वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड निराळे आणि आभा निराळे, हा फरक शिबिरात कोणी सांगत नाही. आभा काढले की ऑपरेशन फुकट, असे लोक धरून चालतात.

माझ्या थोरल्या बंधूंचा अनुभव सांगतो. त्यांना मधुमेह आहे आणि वयाची पंचाहत्तरी उलटली आहे. एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर त्यांच्याकडे ओटीपी मागण्यात आला. त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल मुलाचा, आणि मुलगा सुरतेच्या कापड गिरणीत. पाळीवर जाताना मोबाइल फाटकावर जमा करावा लागतो. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेला हा माणूस दुपारपर्यंत बाकावर बसून राहिला. आभा ऐच्छिक आहे, त्यावाचून उपचार अडत नाहीत, असे मी सांगून पाहिले. त्यावर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, ‘काका, मला संध्याकाळी आकडा द्यावा लागतो.’ त्याला मी दोष देत नाही.

या योजनेचा खरा कस खान्देशात लागणार आहे, कारण आमचे रुग्ण एका जागी राहत नाहीत. दिवाळीनंतर अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागांतील कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी बारडोलीकडे जातात. सातपुड्यातील आदिवासींमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे सुरू झाली असून आदिवासी भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले आहे. तपासणी गावात झाली, पण फडावर असताना पोराचे हातपाय असह्य दुखू लागले, तर गुजरातमधील डॉक्टरांना तो सिकलसेलचा रुग्ण आहे हे कळणार कसे? आईला मराठी बेताचीच येते, गुजराती त्याहून कमी, आणि तपासणीचे कार्ड घरी पेटीत. या एका प्रसंगी ती नोंद उघडली, तर संगणकावरचा सगळा खर्च वसूल झाला असे मी म्हणेन.

संमतीचेही तसेच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 प्रमाणे संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी एकीत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे. त्या 22 भाषांत भिली नाही, पावरी नाही, आमची अहिराणीही नाही. म्हणजे हे समजावून सांगण्याचे काम पुन्हा आशाताईंवर येणार. त्यांची आणि आरोग्य सेविकांची स्थिती आजच अशी आहे की दिवसा रजिस्टर भरायचे आणि रात्री रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन तेच ॲपमध्ये चढवायचे.

कागद एकदम काढून टाकणेही धोक्याचे आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयालाही कित्येक दिवस हाताने कामकाज चालवावे लागले. धडगावच्या उपकेंद्रात तर सर्व्हर बंद पडायला हल्ल्याचीही गरज नसते. एक वादळी पाऊस पुरतो.

तेव्हा जिल्हा आरोग्य यंत्रणेला विनंती अशी, की ‘आभा ऐच्छिक आहे, ओटीपीअभावी कोणालाही परत पाठवले जाणार नाही’ हा फलक प्रत्येक नोंदणी खिडकीवर ठळक मराठीत लावावा. ॲपमध्ये भरलेली नोंद पुन्हा रजिस्टरमध्ये उतरवायला लावू नये, रुग्णाच्या हातात तिची छापील प्रत द्यावी. आणि किती आभा क्रमांक काढले याबरोबरच, दुसऱ्या दवाखान्यातील डॉक्टरांनी किती रुग्णांच्या जुन्या नोंदी प्रत्यक्ष उघडून पाहिल्या, हा आकडाही दरमहा तालुकावार जाहीर करावा. पहिले काही महिने तो शून्य आला तरी चालेल, पण तो छापून यावा.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
शहादा, जि. नंदुरबार